दीपस्तंभाची कवळी

ज्या माणसाच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नाही, त्याने गावभर पोरापोरींना 'स्वतःला ओळखा' असं सांगत फिरावं, याचं कवळीबाईला दोन वर्षं हसू येत होतं. पण हसून दाखवायची सोय नव्हती. त्याचे दात तिनेच बसवले होते, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडातली गोष्ट दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, असा तिच्या वडिलांचा दंडक होता.

हा माणूस तरुणांच्या मार्गदर्शन केंद्राचा प्रमुख. प्रत्येक भाषणात एकदा तरी तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "मी कोण वाट दाखवणारा? मी फक्त दीपस्तंभ आहे." त्यावरून बाईच्या लेखी त्याचं नाव दीपस्तंभच पडलं. चौकाचौकात त्याची पोस्टरं लागलेली असत. हनुवटी पुढे, नजर लांब कुठेतरी, आणि वरची-खालची सगळी कवळी दिसेल एवढं हसू. लोकांना वाटे, काय तेज आहे चेहऱ्यावर! ते तेज बाईने चाकूने तासलेलं आणि कापडाने घासलेलं होतं.

बाईचा धंदा सरळ होता. दातांचा डॉक्टर दात उपटून मोकळा व्हायचा, मागे उरलेलं बोळकं हिच्या दुकानात यायचं. हिरड्यांचे साचे काढायचे, साच्यांवर मेणाच्या कडा चढवायच्या, त्या तोंडात बसवून गिऱ्हाइकाला तोंड मिटायला सांगायचं. वरचा जबडा खालच्यावर नेमका कुठे टेकतो ते मेणात उमटतं. दुकानात याला 'चावा धरणं' म्हणत. चावा खरा असला तर कवळी शेंगदाणेसुद्धा फोडते. खोटा असला तर नुसती शोभेला राहते, आणि हिरड्यांना फोड आणते.

आता गंमत अशी, की माणसाला 'चावून दाखवा' म्हटलं की तो हमखास खोटं चावतो. जबडा पुढे काढतो, वाकडा करतो, दाखवायला म्हणून काहीतरी भलतंच करतो. जन्मभर ज्या जागी तोंड मिटलं, ती जागा विचारल्यावर त्याला सापडत नाही. बाईचे वडील म्हणायचे, "जीभ मागे टाळूला लाव, आवंढा गीळ, मग तोंड मीट. जबडा आपोआप घरी येतो." वडील हे हळूच सांगायचे. बाई तेच वाक्य गिऱ्हाइकावर खेकसायची. खेकसल्यावर कोणाचा जबडा घरी येतो? दहातल्या चार कवळ्या परत यायच्या, आणि बाई लोकांच्या तोंडांना नावं ठेवायची.

दीपस्तंभाने तर कहर केला होता. मेण तोंडात असताना त्याने समोरच्या आरशात बघून थेट पोस्टरवरची हनुवटी काढली.

"साहेब, जबडा मागे घ्या. असं कोणी जेवत नाही."

"हा माझा मूळचा चेहरा आहे, बाई," तो मेणातून बोबडं बोलला.

मग बाईने मूळच्या चेहऱ्याला साजेशी कवळी करून दिली. मंचावर ती झकास दिसे. जेवायला मात्र काडीच्या उपयोगाची नव्हती. समारंभात लोक ताटं भरून जेवत तेव्हा हा दूध पिऊन म्हणे, "मी मिताहारी आहे." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणि वर त्याचीही वाहवा!

असा हा माणूस एकदा सैल झालेली कवळी घट्ट करून घ्यायला आला आणि जाताना बाईचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "या हातांत केवढा अनुभव आहे! एखाद्या तरुण जिवाला द्या. बारा आठवडे, दर गुरुवारी. तुम्ही नुसत्या कवळ्या घडवत नाही बाई, तुम्ही माणसं घडवू शकता."

बाईने नाक मुरडलं आणि हो म्हटलं. स्वतःला तिने कारण सांगितलं, की प्लास्टरची धूळ झाडायला फुकटात एक हात मिळेल. खरं कारण लाजिरवाणं होतं. तीस वर्षांत तिला लोकांनी 'तिरसट' म्हटलं होतं, 'फटकळ' म्हटलं होतं, 'अनुभवी' कोणी म्हटलं नव्हतं. भलीभली माणसं हरभऱ्याच्या झाडावर चढतात, ही तर साधी कवळीवाली.

केंद्राने येणाऱ्या तरुण जिवाने भरायचा एक छापील फॉर्म पाठवला. त्याचं नाव 'ध्येयपत्र'. पत्त्यासाठी चार ओळी. 'मी कोण?' यासाठी एक ओळ. 'मी कशासाठी?' यासाठी एक. आणि तळाशी ठळक अक्षरात, 'शाईने भरावे. खाडाखोड केलेला फॉर्म रद्द.' ज्या प्रश्नांवर लोकांनी घरदार सोडलं, त्यांना इथे वीतभर जागा, आणि तीही एका दमात, न चुकता! बाई एकटीच खो-खो हसली आणि फॉर्म रंगांच्या बाटल्यांमागे खोचून ठेवला.

गुरुवारी पोरगी आली. एकोणीस वर्षांची, खांद्याला पिशवी, गळ्यात केंद्राचं कार्ड. कार्डावर नाव बारीक आणि नंबर मोठा, बत्तीस.

"वा," बाई म्हणाली, "अख्खी बत्तिशीच पाठवली की माझ्याकडे."

पोरगी हसली नाही. बहुतेक हा विनोद तिच्या डोक्यावरून गेला, किंवा तिला वाटलं मार्गदर्शकांचे विनोद असेच असतात.

"काय व्हायचंय तुला?" बाईने विचारलं.

"कोणत्या आठवड्यात?"

बाईने हातातला चाकू खाली ठेवला. मग हळूहळू सगळी हकिगत बाहेर आली. बाईच्या आधी तीन मार्गदर्शक होऊन गेले होते. व्यायामशाळावाल्याला तिच्यात व्यायामशिक्षिका दिसली. वकीलबाईंना वकील दिसली. रोपवाटिकावाल्याने तिला 'हरितदूत' ठरवलं आणि बारा आठवडे कुंड्या उचलायला लावल्या. ज्याला त्याला तिच्या आत नेमकं आपलंच दुकान सापडलं.

"मी सगळ्यांना हो म्हटलं," पोरगी म्हणाली. "वाईट वाटायला नको म्हणून. पण शेवटी मंचावर उभं राहून ध्येय वाचायचं असतं ना, तेव्हा तोंडातून शब्दच फुटेना. साहेब म्हणाले, तुझा आतला आवाज कच्चा आहे. परत बारा आठवडे."

"आणि तुला खरंच काय हवंय?"

"मला परत वर्गात बसायचंय, बाई. दोन विषय राहिलेत, ते सोडवते, मग पुढचं पुढे बघेन. मला अजून काही ठरवता येत नाही. पण कॉलेजचा नियम आहे, नापास झालेल्यांनी केंद्राचं ध्येयपत्र आणायचं, सहीशिक्क्यासकट. या खेपेला नाही मिळालं तर नाव काढून टाकणार आहेत. आत्या म्हणते, मग घरी बस."

पोरीला आई-बाप नव्हते. आत्याने वाढवलं होतं आणि आता आत्याही थकली होती. बाईला हे ऐकून राग आला. कशाचा ते तिलाही सांगता आलं नसतं, पण राग हे तिचं नेहमीचंच भांडवल होतं.

"बस त्या स्टुलावर," ती म्हणाली. "मला कोणाचा आतला आवाज ऐकू येत नाही. मला फक्त कवळीची ठकठक ऐकू येते."

पोरगी स्टुलावर बसली. कामाला म्हणाल तर यथातथाच. मेण वितळवायला दिलं तर करपवायची, प्लास्टर कालवलं तर त्यात बुडबुडे. बाईने पहिल्याच दिवशी तिच्याबद्दल आशा सोडली, आणि आशा सोडल्यामुळे दोघींचं बरं चाललं.

तिसऱ्या गुरुवारी एक म्हातारा आला. बसचा कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. त्याचा चावा बाईने चार वेळा धरला होता आणि चारही वेळा चुकला होता. पाचव्यांदा मेण तोंडात घालून ती ओरडली, "जीभ मागे! गिळा! मिटा!" म्हाताऱ्याने घाबरून जबडा एवढा पुढे काढला, की मेण बाहेर पडायला आलं.

स्टुलावरून पोरीने सहज विचारलं, "काका, शेवटच्या थांब्यावर कोणी झोपलेलं असलं तर त्याला कसं उठवायचं?"

म्हातारा तोंडातल्या मेणासकट बोलायला लागला. खांद्याला हात लावायचा नाही, माणूस दचकतो. खिडकी उघडायची, वारा लागला की तो आपणच उठतो. एक बाई रोज तशीच झोपायची, तिच्यासाठी तो दोन मिनिटं गाडी थांबवून ठेवायचा. पोरगी ऐकत होती. तिला पुढे काही विचारायचं नव्हतं, काही पटवायचं नव्हतं, ती नुसती ऐकत होती. बोलणं संपलं, म्हाताऱ्याने आवंढा गिळला, आणि तोंड मिटलं.

बाईने मेण काढून उजेडात धरलं. चावा खरा होता. तिने तीस वर्षांत असा स्वच्छ चावा फार तर दहा-बारा वेळा पाहिला असेल.

त्यानंतर पोरगी गुरुवार सोडून इतर दिवशीही यायला लागली. कोणी बोलावलं नव्हतं. मेण तोंडात गेलं की ती काहीतरी साधंसं विचारायची, की तुमच्या घराला जिने किती, मांजर कोणाजवळ झोपतं, चष्मा कुठे विसरता. लोक बोलायचे, गिळायचे, मिटायचे. पाच आठवड्यांत एकही कवळी परत आली नाही. कवळीबाईला पाहून ज्या म्हाताऱ्या रस्ता बदलायच्या, त्या आता उगीचच डोकावू लागल्या.

आणि इथे आमच्या कवळीबाईची मती फिरली.

आठव्या आठवड्यात एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. बाईने रंगांच्या बाटल्यांमागून ध्येयपत्र काढलं, धूळ झटकली आणि शाईच्या पेनाने झोकात लिहून टाकलं. मी कोण? 'कवळीकार.' मी कशासाठी? 'माझ्यानंतर हे दुकान चालवण्यासाठी.' 'माझ्यानंतर' म्हणजे कोणाच्या नंतर, फॉर्म कोणाचा, 'मी' कोण, याचा तिला पत्ताच नव्हता. व्यायामशाळावाला, वकीलबाई आणि रोपवाटिकावाला या तिघांवर दोन महिने तोंडसुख घेणारी ही शहाणी त्यांच्याच रांगेत चौथी जाऊन उभी राहिली. तेही मोठ्या थाटात. पोरगी आल्यावर तिने कागद तिच्यापुढे असा धरला, जसं काही बक्षीसच देते आहे.

पोरीने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"बरं," ती म्हणाली. "म्हणजे तुमचंही ठरलं."

"तुला आवडतं ना हे काम?"

"हो, बाई."

एवढ्यावर बाई खूश झाली. 'हो' कसं म्हटलं ते ऐकायला कान जागेवर हवेत.

दुसऱ्या दिवशी पोरगी वही घेऊन आली. अंगावर आत्याकडचा जुना ॲप्रन. प्रत्येक गोष्ट लिहून घ्यायला लागली, मेणाचं तापमान विचारायला लागली, 'हो बाई', 'बघते बाई', 'छान आहे बाई' असा जप सुरू झाला. गिऱ्हाइकांना ती पूर्वीसारखेच प्रश्न विचारायची, पण आता प्रश्न विचारून श्वास रोखून मेणाकडे बघत राहायची. गिऱ्हाइकांना ते कळायचं. समोरची मुलगी आपल्याकडून काहीतरी बरोबर यायची वाट बघते आहे म्हटल्यावर तेही बिचारे बरोबर करायला जायचे, आणि जबडा पुढे.

चार आठवड्यांत तीन कवळ्या परत आल्या. तिसरी आणली ती एका शिंपीणबाईने. ती पिशवीतून कवळी काढून गल्ल्यावर ठेवत म्हणाली, "हिने सफरचंद सोडा, केळंसुद्धा चावत नाही. मागल्या वेळी ही मुलगी बरी होती हो. आता काय झालं हिला?"

पोरगी रडली नाही. "पुन्हा करते, बाई. मी शिकेन," असं म्हणाली, आणि हसली. हनुवटी थोडी पुढे काढून हसली.

ते हसू बाईने पाहिलं. हे हसू तिला पाठ होतं. चौकाचौकात लागलेलं होतं.

"काढ तो ॲप्रन," ती म्हणाली.

"का? मी चुकले का?"

"तू नाही, मी चुकले. अक्कल गहाण टाकली होती मी. तुला कवळ्या करायच्यात का? खरं सांग. वाईट मला वाटू दे की जरा. त्याने मी मरत नाही."

पोरीने ॲप्रनची नाडी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "मला लोकांशी बोलायला आवडत होतं. कवळ्यांचं माहीत नाही. मेणाच्या वासाने मला मळमळतं."

बाईला ते लागलं. चांगलंच लागलं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कोणाच्या नावाने मारणार? तिने फॉर्म घेतला, दुकानाला कुलूप लावलं आणि तडक केंद्रात गेली.

केंद्राच्या भिंतींवर दीपस्तंभाचे फोटो होते आणि फोटोंच्या मधल्या जागेत भिंत होती. खुद्द दीपस्तंभ टेबलामागे बसला होता, गालावर हात ठेवून. बाईने सांगितलं, फॉर्म मी भरला, मूर्खपणा झाला, दुसरा कोरा द्या आणि कोराच सही करून द्या. पोरीला अजून कळलेलं नाही आणि एकोणिसाव्या वर्षी न कळणं हा काही गुन्हा नाही.

"कोरा?" त्याने भुवया उंचावल्या. "बाई, केंद्राच्या इतिहासात कोऱ्या ध्येयपत्रावर सही झालेली नाही. ध्येय नाही म्हणजे माणूस नाही. आणि दुसरा फॉर्म हवा तर पुन्हा नोंदणी, पुन्हा बारा आठवडे."

"तोवर कॉलेज नाव काढून टाकेल."

"मग आहे त्यात वाईट काय? कवळीकार. मंचावर फार छान वाटेल." एवढं बोलून त्याने चेहरा वेडावाकडा केला, दार बंद आहे ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, हिरडीला फोड आलाय. शनिवारी समारंभ आहे, तासभर बोलायचंय. काहीतरी करा."

"नवीन कवळी करावी लागेल," बाई म्हणाली. "उद्या सकाळी या. मागच्या दाराने."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा पोरगी स्टुलावर होती. ॲप्रन नाही, वही नाही. बाईने तिला सगळं सांगून टाकलं होतं, की दुसरा फॉर्म मिळत नाही, खाडाखोड चालत नाही, 'कवळीकार' मंचावर तुझ्या तोंडातून फुटणार नाही, आणि माझ्यामुळे तुझं वर्ष जाणार. पोरगी "बरं" म्हणाली होती आणि तरीही आली होती. आता तिला कोणाला खूश करायचं राहिलं नव्हतं.

तिला पाहून दीपस्तंभ गडबडला. तोंडातून काढलेली कवळी त्याने मुठीत लपवली. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय जुनी.

"ती कोणाला सांगत नाही," बाई म्हणाली. तिने आरसा भिंतीकडे वळवून ठेवला, मेण त्याच्या तोंडात बसवलं आणि ती बाजूला झाली. या वेळी ती खेकसली नाही.

पोरीने विचारलं, "साहेब, तुम्ही एकोणीस वर्षांचे असताना सकाळी उठून काय करायचात?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दीपस्तंभ मेणातून बोबडं बोलू लागला. काही नाही करायचो. काकाचं छत्र्यांचं दुकान होतं, तिथे बसायचो. पाऊस नसला की गिऱ्हाईक नसायचं. रस्त्यावरची माणसं मोजायचो. पुढे या केंद्रात कारकुनाची जागा निघाली, काकाने चिकटवलं. आधीचा प्रमुख आजारी पडला तेव्हा एकदा त्याच्या जागी भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"छत्र्या दुरुस्त करता यायच्या तुम्हाला?"

"यायच्या ना. अजून येतात. काडी तुटली की..." तो थांबला. बहुधा त्या काड्या आठवत राहिला. आवंढा गिळला आणि तोंड मिटलं.

बाईने मेण काढलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चावा खरा होता.

शनिवारी सकाळी, समारंभाच्या दोन तास आधी, तो कवळी न्यायला आला. बॅग बरोबरच होती. त्या बॅगेत कोरे फॉर्म आणि शिक्का कायम असायचे, कारण ध्येय नसलेलं कोण कुठे भेटेल याचा नेम नसतो. जुनी कवळी काढून त्याने बाईच्या हातात दिली, बाईने ती पाण्याच्या वाटीत टाकली आणि नवी त्याच्या तोंडात बसवली. मग त्याला एक शेंगदाणा दिला.

त्याने भीत भीत चावला. कडकन फुटला. त्याने दुसरा मागितला, तिसरा मागितला. दोन वर्षं दुधावर काढलेला माणूस मूठभर शेंगदाणे उभ्या उभ्या खाऊन गेला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्याने आरसा वळवला.

आरशात एक साधा म्हातारा होता. हनुवटी आपल्या जागी. ओठ मिटलेले. थोडा थकलेला, थोडा बरा. छत्र्यांच्या दुकानात शोभला असता.

"हे काय?" तो म्हणाला. "हा कोण? हा मी नाही!"

"तुम्हीच आहात, साहेब. तुमचाच चावा आहे."

"मला हा चेहरा घेऊन मंचावर जायचंय? पोस्टरं लागलीयत बाई, पाचशे पोरं येणार आहेत! माझी जुनी द्या. आत्ताच्या आत्ता द्या."

"फोड आहे तुमच्या हिरडीला."

"असू दे फोड! द्या इकडे!"

बाईने वाटी उचलली आणि आपल्या बाजूला ठेवली. असं वागणं बरं नाही हे तिला कळत होतं. वडील असते तर त्यांनी तिच्या मुस्काटात मारली असती.

"देते की," ती म्हणाली. "तुमच्या बॅगेत कोरा फॉर्म आहे. त्यावर सही आणि शिक्का. बत्तीस नंबर. बाकी काही लिहायचं नाही."

"हा दबाव आहे!"

"हो."

त्याने घड्याळ पाहिलं, आरसा पाहिला, वाटी पाहिली. केंद्राचा इतिहास एकीकडे, हनुवटी दुसरीकडे. फार विचार करावा लागला नाही. सही घाईत वाकडी झाली, शिक्का मात्र सवयीने नीट उमटला. जुनी कवळी तोंडात सरकवल्यावर तो कळवळला, आणि लगेच पोस्टरवरचा झाला.

समारंभात तो तासभर बोलला. "मित्रहो, मुखवटे फेकून द्या! आपला खरा चेहरा स्वीकारा!" दर वाक्याला दातांची ठकठक होत होती, पण सभागृहात ती ओळखणारे कान दोनच जणींचे होते. मग एकेक नंबर पुकारला गेला. कोणी अभियंता, कोणी उद्योजक, कोणी समाजाचा आधार. बत्तीस नंबर आला. पोरगी मंचावर गेली, शांतपणे ध्येयपत्र त्याच्या हातात दिलं आणि उभी राहिली.

त्याने कागद पाहिला. उलटून पाहिला. सभागृह वाट पाहत होतं. पण पडलो तरी नाक वर, तोच त्याचा धंदा.

"कोरं पान!" तो गरजला. "पाहा! आपण या मुलीला बारा आठवड्यांत अशा उंचीवर आणलं, की तिने स्वतःवर कोणालाही काही लिहू दिलं नाही! आणि हे घडवलं कोणी? आमच्या एका साध्यासुध्या मार्गदर्शकाने!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कवळीबाईला मंचावर बोलावून 'आदर्श मार्गदर्शक' म्हणून प्लॅस्टिकचा एक दीपस्तंभ दिला. त्याच्या बुडाला बटण होतं, दाबलं की दिवा लागे. बाईने मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. मग घरी जाताना रस्त्यात दोनदा बटण दाबून पाहिलं, ही गोष्टही सांगितलीच पाहिजे.

सोमवारी पोरगी कॉलेजात जाऊन आली आणि तशीच दुकानात आली. नाव राहिलं होतं. वर्गात मागच्या बाकावर जागा मिळाली होती. फळीवर वाटीत एक नवी कोरी कवळी पाण्यात पडलेली तिला दिसली.

"साहेब नेणार नाहीत ती?"

"बघू. फोड चिघळला की येईल."

पोरीने पिशवी खांद्यावर घेतली, दारापर्यंत गेली आणि वळली. "बाई, मी गुरुवारी आले तर चालेल?"

"काय शिकायला?" बाईच्या आवाजात आशा आलीच. तीस वर्षं एकटीने दुकान चालवणारी बाई, आशा लपवून लपवणार किती?

"शिकायला नाही. नुसती बसेन स्टुलावर. लोकांशी बोलेन. पुढे येत राहीन की नाही, ते मात्र आत्ता सांगता येत नाही."

बाईच्या तोंडात एकदम किती तरी वाक्यं आली. की मेणाच्या वासाची सवय होते. की मलाही आधी मळमळायचं. की माझ्यानंतर या दुकानाला कोणी नाही, तू विचार तरी कर. तिने जीभ मागे टाळूला लावली, आवंढा गिळला आणि तोंड मिटलं. मग पायाने स्टूल जरा पुढे सरकवून ठेवलं.